बुद्धी एक की अनेक?

ज्याचं गणित पक्कं त्याची भाषा कच्ची, असं आपण सहज बोलून जातो. मोजमाप मात्र उलटं सांगतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ चार्ल्स स्पिअरमन यांनी १९०४ मध्ये शाळकरी मुलांचे गुण ताडून पाहिले, तेव्हा एका विषयात पुढे असलेली मुलं बहुधा बाकीच्या विषयांतही पुढेच निघाली. शब्दसंग्रह, आकृत्यांची कोडी, अंक लक्षात ठेवणं अशा वरवर काहीच नातं नसलेल्या चाचण्या घेतल्या तरी हेच दिसतं. मानसशास्त्रात इतके पक्के निष्कर्ष थोडेच आहेत.

या सगळ्यामागे एकच सामान्य घटक असावा, असं स्पिअरमन यांनी मांडलं आणि त्याला ‘जी’ हे अक्षर दिलं. ती एक मानसिक ऊर्जा असावी, अशीही त्यांची कल्पना होती. खरा वाद इथून पुढे आहे. गुण एकमेकांबरोबर वरखाली होतात हे निरीक्षण झालं. डोक्यात ‘जी’ नावाचं काहीतरी बसलेलं आहे हा तर्क झाला.

१९१६ मध्ये गॉडफ्रे थॉमसन यांनी चक्क फासे टाकून कृत्रिम गुण तयार केले. त्यांत सर्व चाचण्यांना समान असा कुठलाच घटक घातलेला नव्हता, तरीही स्पिअरमन यांना दिसलेलाच नमुना उमटला! थॉमसन यांचं म्हणणं असं, की मनात असंख्य बारीक क्षमता असतात, प्रत्येक चाचणी त्यांतल्या काही वापरते, आणि दोन चाचण्यांनी वापरलेल्यांपैकी काही सारख्या असल्या की गुणही जुळतात. २००६ मध्ये डच मानसशास्त्रज्ञ हान व्हान डर मास आणि सहकाऱ्यांनी तिसरी शक्यता गणिताने दाखवली: सुरुवातीला वेगवेगळ्या असलेल्या क्षमता वाढीच्या काळात एकमेकींना हात देतात. वाचन सुधारलं की शब्द वाढतात, शब्द वाढले की तर्क करणं सोपं जातं. मला हे स्पष्टीकरण सर्वांत पटतं, पण गुणांचा नुसता तक्ता पाहून या तिघांत निवड करता येत नाही.

बुद्धी एक नसून वेगवेगळ्या अनेक बुद्धी असतात, ही मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांची १९८३ची ‘बहुविध बुद्धिमत्ते’ची कल्पना शिक्षकांमध्ये लोकप्रिय झाली. पुरावा मात्र तोकडा आहे. त्यापेक्षा रेमंड कॅटेल यांची विभागणी कामाची. नवं कोडं सोडवणारी प्रवाही बुद्धी तरुणपणानंतर हळूहळू ओसरते, तर शिकून साठलेली बुद्धी, उदाहरणार्थ शब्दज्ञान, बरीच उशिरापर्यंत टिकते किंवा वाढतेही.

विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्ध्यांक दर दशकाला सुमारे ३ गुणांनी वाढत गेला. जेम्स फ्लिन यांनी १९८०च्या दशकात ही वाढ ठळकपणे पुढे आणली. ती सगळ्या चाचण्यांत सारखी नव्हती. आकृत्यांच्या कोड्यांत ती भरघोस होती. मुलांच्या शब्दसंग्रहाच्या आणि अंकगणिताच्या चाचण्यांत अगदी बेताची. वाढलेली गोष्ट ‘जी’च असती, तर या चाचण्याही तिच्याबरोबर वर जायला हव्या होत्या.