साडेबाराला झोप, साडेपाचला जिम

माझा भाचा बदलापूरला राहतो. कामावरून घरी पोचायला रात्रीचे साडेअकरा, जेवून पडायला साडेबारा. सकाळची गाडी पकडायची म्हणून जिम पहाटे साडेपाचलाच उरकायची. चार महिने असं चाललं, पण दंड काही भरेनात. "मावशी, पावडर बदलू का?" त्याने विचारलं. मी विचारलं, झोपतोस किती? बोटं मोजत म्हणाला, "साडेचार तास."

स्नायू एकदा कमावले की संपलं, असं नसतं. त्यांच्यातली प्रथिनं रोज मोडतात आणि रोज नवी बनतात. बांधणी मोडीपेक्षा जास्त झाली तरच स्नायू वाढतो. व्यायाम आणि जेवण या बांधणीला चालना देतात, आणि आपण झोपेत असतानाही ती चालूच असते. झोप लागल्यावरच्या पहिल्या गाढ टप्प्यातच वाढीच्या संप्रेरकाची मोठी लाट येते.

ऑस्ट्रेलियातल्या डीकिन विद्यापीठात 13 तरुण-तरुणींना एक अख्खी रात्र जागवलं. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात स्नायूंमधली प्रथिनबांधणी 18 टक्क्यांनी मंदावलेली दिसली. मोड वाढवणारं कॉर्टिसॉल 21 टक्के वाढलं, बांधणीला मदत करणारं टेस्टोस्टेरॉन 24 टक्के घसरलं. माणसं थोडी, रात्रही एकच. पण एवढ्याशा जागरणाने इतका फरक पडावा, हे मला फार गंभीर वाटतं.

त्याहून डोळे उघडणारा प्रयोग 2010 चा, शिकागोचा. वजन जास्त असलेल्या 10 जणांना मोजकं खायला दिलं. दोन आठवडे अंथरुणात साडेआठ तास, दुसऱ्या खेपेला साडेपाच. वजन दोन्ही वेळा सुमारे 3 किलो उतरलं. काटा सारखाच, पण उतरलं काय ते वेगळं. भरपूर झोपेत 1.4 किलो चरबी गेली, अपुऱ्या झोपेत फक्त 0.6. उरलेलं वजन चरबीचं नव्हतंच. त्यात पाणी आलं, तसेच स्नायूही आले. डाएट करून "पाच किलो उतरवले" म्हणणाऱ्या प्रत्येकाने हे आकडे एकदा वाचावेत.

मग झोप कमी पडत असेल तर व्यायाम सोडायचा का? मुळीच नाही. 2020 च्या एका अभ्यासात तरुणांना पाच रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं. नुसतेच राहिले त्यांची प्रथिनबांधणी घटली; सायकलवर दमदार व्यायाम केला त्यांची टिकून राहिली. झोपेची भरपाई त्याने होत नाही, स्नायूंची पडझड मात्र थोडी आवरते.

हे सांगत होते तेव्हा ताई, म्हणजे त्याची आई, शेजारीच बसली होती. वय 58. लेकाची जिम साडेपाचची, म्हणजे हिचा गजर साडेचारचा: अंडी उकडायची, डबा भरायचा. आणि लेक घरी येईपर्यंत ही जागीच. तिशीनंतर स्नायू दर दशकाला साधारण 3 ते 8 टक्के झिजतात. उतारवयातल्या या झिजेला सार्कोपेनिया म्हणतात. फार कमी झोपणाऱ्यांत आणि फार जास्त झोपणाऱ्यांतही ती अधिक आढळते, असं बऱ्याच पाहण्यांत दिसलंय. त्यातलं कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे अशा पाहण्यांवरून ठरत नाही. आजारी माणूसही जास्त झोपतोच.

तपासायची एक सोपी रीत आहे. हात छातीशी धरून खुर्चीवरून पाच वेळा उठायचं-बसायचं. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना दाखवायचं. ताईला 13 लागले. ती म्हणाली, "तरीच हल्ली गाडीत चढताना दांडा घट्ट धरावा लागतो."

पुढच्या आठवड्यात तिला डॉक्टरांकडे घेऊन जातेय. भाच्याने जिम आठवड्यातून तीनदाच ठेवलीय, बाकीच्या दिवशी साडेसहापर्यंत झोपतो. अंडी आता रात्री तोच उकडून ठेवतो.