दीक्षाभूमीच्या आधीचं नागपूर

१४ ऑक्टोबर १९५६. श्रद्धानंद पेठेजवळच्या मोकळ्या मैदानावर भिक्खू चंद्रमणी महास्थवीरांकडून बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखोंना त्रिशरण, पंचशील आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. इतका मोठा समाज शांतपणे जुना धर्म सोडतो, याची मुळं त्या सकाळीत सापडत नाहीत. ती वस्त्यांमध्ये शोधावी लागतात.

मला त्यातलं सर्वांत मोलाचं नाव वाटतं जाईबाई चौधरींचं. उमरेडच्या दलित घरात जन्म, दुष्काळामुळे नागपूरला आलेलं कुटुंब. नागपूर ते कामठी लोकांची ओझी वाहणाऱ्या या बाईंना एका ख्रिस्ती मिशनरी ननने शिकवलं, शिक्षिकेची नोकरीही दिली. पण अस्पृश्य बाई आपल्या मुलांना शिकवते हे कळताच पालकांनी गहजब केला आणि नोकरी गेली. मग १९२२ मध्ये जाईबाईंनी स्वतःच मुलींची शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचं नाव दिलं. देवळाच्या पायरीशी थांबवलेल्या संताचं नाव मुलींच्या शाळेला! तेव्हाची चळवळ श्रद्धेतूनच बळ घेत होती. १९३७ साली नागपुरातल्या महिला परिषदेत दलित बायकांची जेवणाची पंगत वेगळी मांडली गेली, तेव्हा त्यांनी निषेधाची सभा घेतली.

त्याआधी १९२० मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत परिषद नागपुरातच भरली होती. कामठीत बाबू हरदासांनी बिडी कामगारांना संघटित केलं आणि ‘जय भीम’ हा नमस्कार रुजवला. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. तरी प्रत्यक्ष धर्मांतराला २१ वर्षं लागली. १९४२ च्या जुलैत नागपुरातच मोहन पार्कवर भरलेल्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेला जोडूनच महिलांचीही परिषद झाली आणि हजारो बायका जमल्या.

दीक्षेची किंमतही चुकवावी लागली. धर्म बदलला म्हणून केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती गेल्या. त्या मिळायला १९९० उजाडलं. हे ठाऊक असूनही १९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या २७ लाखांहून अधिक लोकांनी आपला धर्म बौद्ध सांगितला. दहा वर्षांपूर्वी हा आकडा जेमतेम अडीच हजार होता.