टाक्यांऐवजी चुंबक, ही आयडिया आली कुठून?

खेळण्यातला छोटा गोल चुंबक पोराने गिळला तर डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात, किती गिळले? एक असेल तर तो बहुतेक वेळा शीतून निघून जातो. पण दोन असले आणि मागेपुढे गिळलेले असले तर लफडं होतं, कारण आतडं पोटात वेटोळं घालून बसलेलं असतं, एक चुंबक एका वेटोळ्यात, दुसरा शेजारच्या, आणि मग दोघं आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकांना असे चिकटतात की तेवढ्या जागेचं रक्त बंद पडतं, ती जागा मरते आणि भोक पडतं. धावपळ, एक्सरे, ऑपरेशन. आता गंमत अशी की जगातले काही सर्जन हेच भोक मुद्दाम पाडतात, शरीरातल्या नळ्यांची दोन टोकं टाके न घालता जोडायला. तीच क्रिया, फक्त जागा आणि जोर त्यांनी ठरवलेला.

(हातात घालायचे चुंबकाचे पट्टे, बांगड्या यांच्याशी ह्याचा काडीचा संबंध नाही, ते डोक्यातून काढून टाका.)

चुंबक आणि सर्जरी ही जोडी तशी जुनी. सुश्रुतसंहितेत अंगात घुसलेलं लोखंडी शल्य, म्हणजे रुतलेली वस्तू, काढायला अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक वापरायला सांगितलंय, आणि अटही घातलीय की जखमेचं तोंड मोठं हवं आणि शल्याला मागे वळलेले काटे नकोत. तिथेच फाटलेलं आतडं मोठ्या काळ्या मुंग्यांकडून चावून घेऊन जोडायचंही आहे, मुंगी चावली की धड तोडायचं, डोकं तिथेच ठेवायचं. म्हणजे बघा, चुंबक होता आणि चिमटा धरून आतडं जोडणंही होतं, पण दोन्ही एकत्र यायला बराच वेळ लागायचा होता. युरोपात 1624 साली स्वित्झर्लंडच्या बर्नमध्ये फाब्रिसियुस हिल्डानुस या सर्जनने पेशंटच्या डोळ्यातला लोखंडाचा कण चुंबकाने काढला, आणि ही युक्ती त्याची नव्हतीच, त्याची बायको मारी कोलिने हिची होती. तीही सर्जरी करायची.

पुढचा धागा वेगळाच, त्यात चुंबक नाही. 1826 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेयच्या दनां या सर्जनने कुत्र्यांच्या आतड्याची दोन टोकं धातूच्या कड्यांमध्ये दाबून जोडून दाखवली. मग 1892 मध्ये शिकागोचा सर्जन जॉन मर्फी याचं बटण आलं, आपल्या टिचबटणासारखे दोन भाग, एकेका टोकात एकेक बसवायचा आणि खटकन दाबायचं. मधला दाबलेला भाग मरतो, कडेचे थर तोवर एकमेकांना जुळून येतात, आणि काही दिवसांनी बटण सुटून शीतून पडतं. टाके घालायला लागणारा वेळ वाचायचा, आणि भुलीचं तंत्र कच्चं होतं त्या काळात प्रत्येक मिनिट मोलाचं. मला विचाराल तर सगळी कल्पना इथेच पूर्ण झाली होती. अडचण एकच, बटण बसवायला पोट उघडावंच लागायचं, कारण दोन भाग दाबणारा हात कुणाचा?

तो हात म्हणजे चुंबक. पण जुन्या चुंबकांत दम नव्हता, पुरेसा जोर हवा तर आकार एवढा मोठा की नळीत जाणारच नाही. 1975 मध्ये बोस्टनच्या हेंड्रेन आणि हेल यांनी बाहेरून मोठा इलेक्ट्रोमॅग्नेट लावून बाळाच्या अर्धवट अन्ननलिकेची दोन टोकं ताणून जवळ आणायचा मार्ग काढला, शिवायचं नंतरच. चित्र बदललं ते समेरियम-कोबाल्ट या धातूंच्या छोट्या पण जोरदार चुंबकांमुळे आणि मग 1980 च्या दशकातल्या निओडिमियम चुंबकांमुळे. आपल्या हेडफोनमध्ये असतात तेच. 1978 मध्ये जपानच्या ओबोरांनी बारीक रक्तवाहिन्या चुंबकाच्या कड्यांनी जोडल्याचं छापलं, 1980 च्या सुमारास नेदरलँड्सच्या यान्सेन यांनी मोठ्या आतड्यासाठी पेशंटमध्ये वापरलं.

खरी उडी मारली ती सर्जननी नाही, रेडिओलॉजिस्टनी. जपानचे यामानौची यांनी 1990 च्या दशकाच्या शेवटी पोट न उघडता, वायर आणि दुर्बिणीतून चुंबक पोचवायची पद्धत बसवली. लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर पित्तनलिका, म्हणजे लिव्हरमधून आतड्यात पित्त नेणारी नळी, पूर्ण बंद झाली तर वाट दाखवणारी बारीक वायरच पुढे जात नाही, आणि वायर नाही तर जागा फुगवून रुंद करणारा बलून नाही, वाट उघडी धरणारा स्टेंट (जाळीची किंवा प्लास्टिकची नळी) नाही. अशा वेळी एक चुंबक लिव्हरमधून खाली आणायचा, दुसरा तोंडातून दुर्बिणीने आतड्यात उतरवून तिथून वर न्यायचा, मधली आवळलेली जागा त्यांना खाऊ द्यायची. कोरियात यावर भरपूर काम झालंय, कारण तिथे जिवंत दात्याचं लिव्हर लावायची ट्रान्सप्लांट खूप. आपल्याकडेही बहुतेक तशीच होतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

अन्ननलिका जन्मतःच तुटलेल्या बाळांसाठी हे केलं अर्जेंटिनाच्या मारिओ झारित्स्की यांनी, ला प्लातामधल्या पाच बाळांचा रिपोर्ट 2009 मध्ये आला. एक चुंबक तोंडातून, एक दूध घालायला पोटाला पाडलेल्या भोकातून, रोज एक्सरे काढून बघायचं किती जवळ आलेत. त्याच सुमारास सॅन फ्रान्सिस्कोत मायकल हॅरिसन यांनी आतड्यासाठी एक बहिर्गोल आणि एक अंतर्गोल अशी कड्यांची जोडी केली, जोर मधे जास्त आणि कडेला हळूहळू कमी, म्हणजे मधलं मरेल आणि कड जुळेल. त्यातून झालेली पाच पेशंटची पहिली ट्रायल 2017 मध्ये छापून आली.

मे 2017 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय साधनांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेने, बाळांच्या अन्ननलिकेसाठी चुंबकाच्या साधनाला परवानगी दिली, पण अटी घालून: वय एक वर्षापर्यंत आणि दोन टोकांतलं अंतर 4 सेंटीमीटरपेक्षा कमी. कारण साधं आहे, अंतर वाढलं की चुंबकाची ओढ झपाट्याने पडते. एफडीएपुढे 16 बाळांची माहिती होती, सगळ्यांची नळी 3 ते 10 दिवसांत जोडली गेली, आणि 16 पैकी 13 जणांची जोडलेली जागा नंतर आवळली, मग बलून किंवा स्टेंट किंवा दोन्ही. पेपरवाल्यांनी पहिला आकडा छापला, दुसरा बहुतेकांनी गाळला. पित्तनलिकेतही तेच, म्हणून चुंबक काढून झाले तरी वाट उघडी राहावी म्हणून तिथे काही महिने नळी किंवा स्टेंट ठेवतात.