गाजर, मोजे आणि खुनी

आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या मामांचं एक ठरलेलं वाक्य आहे. भाचा मोबाईलवर ‘मंक’ या विनोदी अमेरिकी गुप्तहेर मालिकेचे जुने भाग लावून खिदळायला लागला की ते सोप्यातूनच ओरडतात, ‘‘काय बघालास रे ते, डोकं बाजूला ठेवून?’’ हेच मामा १९८५ साली ‘करमचंद’ लागायच्या अर्धा तास आधी शेजाऱ्यांच्या टीव्हीसमोर जागा धरून बसायचे, ही मामींनी फोडलेली बातमी. पंकज कपूर गाजर चघळत खुनी शोधायचा ते ‘खरं डिटेक्टिव्ह’, आणि भाचा बघतो तो फालतूपणा.

मामांशी वाद घालून उपयोग नाही. पण ‘डोकं बाजूला ठेवून’ हे सपशेल चूक आहे. विनोदी गुप्तहेर मालिका बघताना डोकं जितकं राबतं, तितकं आपल्याला जाणवत नाही इतकंच.

आधी एक समजूत निकालात काढू. खुनी कोण हे कळायला आपण या मालिका बघतो म्हणे. मग ‘कोलंबो’ या जुन्या अमेरिकी गुप्तहेर मालिकेचं काय करायचं? त्यात खून कोणी केला हे सुरुवातीलाच दाखवतात, आणि तरीही चुरगळलेल्या रेनकोटातल्या पीटर फॉकला लोकांनी वर्षानुवर्षं डोक्यावर घेतलं. ‘मंक’ २००२ ते २००९ चालली, १२५ भाग झाले. तिचा नायक सॅन फ्रान्सिस्कोचा, जंतूंना आणि उंचीला घाबरणारा, भिंतीवरची तसबीर तिरकी दिसली की कासावीस होणारा. खुनी कोण एवढंच पाहायचं असतं तर सव्वाशे वेळा कुणी बसलं नसतं. धरून ठेवतं ते दुसरंच काहीतरी, आणि त्याचा माग मला एका जुन्या प्रयोगात लागतो.

१९८० साली मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड या शास्त्रज्ञांनी माणसांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून त्यांना पडद्यावर एकेक शब्द करत वाक्यं वाचायला दिली. बहुतेक वाक्यं सरळ होती. मधेच एखादं असं, की त्यानं गरम पावाला ‘मोजे’ फासले. लोण्याच्या जागी मोजे! तो शब्द दिसल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्याही आत, मेंदूच्या विद्युत नोंदीत ऋण दिशेला एक ठळक लाट उठली. तिचं नाव एन४००. एन म्हणजे निगेटिव्ह. (यातली गंमत अशी की या क्षेत्रातले लोक आलेख काढताना बऱ्याचदा ऋण बाजू वर घेतात, त्यामुळे ‘खाली’ जाणारी लाट कागदावर डोंगरासारखी दिसते. मला हे अंगवळणी पडायला दोन दिवस लागले.) एकाच वाक्यात ही लाट सापडत नाही. काही मायक्रोव्होल्टची ती कुजबुज मेंदूच्या बाकीच्या गलबल्यात बुडून जाते. अशा अनेक वाक्यांच्या नोंदी एकावर एक ठेवून सरासरी काढली, की गलबला आपसात कटतो आणि लाट शिल्लक राहते.

खरी मेख पुढे आहे. काही वाक्यांत त्यांनी शेवटचा शब्द अर्थानं बरोबरच ठेवला, फक्त मोठ्या अक्षरांत दाखवला. तोही विचित्रच. पण तिथे एन४०० उठली नाही, वेगळीच, धन दिशेची लाट आली. म्हणजे ‘दिसायला विचित्र’ आणि ‘अर्थाला विचित्र’ या दोन गोष्टींना मेंदू वेगवेगळा प्रतिसाद देतो.

आता करमचंदचं गाजर आठवा. ते मोठं अक्षर आहे. मंकचं हात पुसणं हे मोठं अक्षर, कोलंबोचा रेनकोटही तेच. आणि पुरावा? पुरावा म्हणजे मोजे. दिसायला साधा, पण त्या जागी न शोभणारा. कसलेला पटकथाकार नेमका मोज्यांच्या शेजारी मोठं अक्षर ठेवतो. नायकाच्या तऱ्हेवर आपण हसत असतो, तेवढ्यात कोरड्या छत्रीचा उल्लेख येऊन जातो. बाहेर तर पाऊस कोसळत होता! आपण ते ऐकलेलं असतं, पण लक्ष गाजराकडे असतं. (ही सांगड माझी आहे, कुटासबाईंच्या माथी मारू नये.)

सापडलेल्या विसंगतीची उलगड कशी होते, ते बेळगावकरांना वेगळं शिकवायला नको. आमच्याकडे एक किस्सा सांगतात. चंदगडकडचे एक पाहुणे सोयरिकीच्या बोलण्यांसाठी बैलहोंगलला गेले. बोलणी छान चालली होती. इतक्यात यजमान हात जोडून म्हणाले, ‘‘ऊटा माड्री.’’ पाहुणे गोरेमोरे होऊन उठले आणि चपला शोधू लागले. कन्नडमध्ये ऊटा म्हणजे जेवण. यजमान ‘जेवून घ्या’ म्हणत होते, पाहुण्यांनी ‘उठा’ ऐकलं.

हसू येतं ते नेमकं कधी? ‘उठा’ या अर्थानं लावलेली सगळी मांडणी कोसळून तेच शब्द ‘ऊटा’ या अर्थानं पुन्हा लागतात, तेव्हा. शब्द तेच, प्रसंग तोच, चौकट बदलली. शेवटच्या पाच मिनिटांत गुप्तहेरही हेच करतो. तीच छत्री, तोच पाऊस, पण मांडणी नवी. विनोद आणि उलगडा ही सख्खी भावंडं आहेत.

एक कोडं घ्या: चहा, खत, दाणा. तिन्हींना मागून जोडता येईल असा एकच शब्द कोणता? अशाच प्रकारची इंग्रजी कोडी देऊन मार्क जंग-बीमन आणि जॉन कूनिओस यांच्या गटानं २००४ साली मेंदूच्या नोंदी घेतल्या. उत्तर एकदम ‘चमकलं’ असेल, तर बटण दाबण्याच्या साधारण ०.३ सेकंद आधी उजव्या कानशिलाच्या भागात वेगवान गॅमा लहरींचा झोत दिसला. त्याच्याही आधी डोक्याच्या मागच्या बाजूला, दृष्टीचं काम जिथे चालतं तिथे, संथ अल्फा लहरी वाढल्या होत्या. जणू आतलं ऐकू यावं म्हणून मेंदूनं क्षणभर डोळ्यांची खिडकी लोटून घेतली. (उत्तर ‘पाणी’. चहापाणी, खतपाणी, दाणापाणी.)

आणि हसण्याचा इथे हातभार लागतो. १९८७ साली अॅलिस आयसेन आणि सहकाऱ्यांनी काही जणांना छोटी विनोदी फिल्म दाखवली आणि मग मेणबत्ती, काड्यापेटी आणि टाचण्यांची खोकी देऊन सांगितलं, मेणबत्ती भिंतीवर अशी लावा की मेण खाली सांडणार नाही. युक्ती अशी, की खोकी रिकामी करून तीच टाचण्यांनी भिंतीला ठोकायची आणि मेणबत्ती तिच्यात उभी करायची. हसून आलेल्यांना ती कितीतरी जास्त प्रमाणात सुचली.

पण यावरून कुणी ‘हसा आणि उजवा मेंदू जागवा’चे वर्ग काढू नयेत. ‘मिडब्रेन अॅक्टिव्हेशन’च्या नावाखाली डोळ्यांना पट्टी बांधून मुलांना वाचायला लावणाऱ्यांनी पालकांचे हजारो रुपये खाल्ले. मंगळूरच्या नरेंद्र नायक यांच्यासारख्या विवेकवादी कार्यकर्त्यांनी त्यातलं रहस्य फोडलं: पट्टी आणि नाकाच्या मधली फट. करमचंदला एक गाजरसुद्धा संपवावं लागलं नसतं. तसंच, मंत्रचळ (मंकचा तो आजार, इंग्रजीत ओसीडी) असला की माणूस हुशार होतो, हा ‘मंक’नं नकळत पसरवलेला समजही सोडून द्यावा. तो त्रासदायक आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि सतत हात धुण्यानं कुठलाही खून उलगडत नाही.

हे सगळं मी मामांना सांगितलं. ऋण लाट वर काढतात इथपर्यंत ते ऐकत होते, पुढे अडकित्ता घेऊन सुपारी कातरायला लागले. भाच्यानं मात्र नवा नियम काढलाय. नायक हसवायला लागला की भाग थांबवायचा आणि नायक सोडून बाकीची खोली न्याहाळायची. परवा त्यानं असाच भाग थांबवला, तर सोप्यातून आवाज आला, ‘‘थांबवलास कशाला? चालू कर की!’’