पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

आदल्या संध्याकाळी डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. सकाळी प्रोग्राम सुरू केला, तर पडद्यावर एकच ओळ: ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’. साहजिकच मी तासभर पासवर्डच पुन्हा पुन्हा टाइप करत बसलो. पासवर्ड बरोबर होता. अडला होता तो मधला दुभाष्या, म्हणजे क्लायंट लायब्ररी.

आपण पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहितो ते डेटाबेसला कळत नाही. त्याला कळतात ठरलेल्या क्रमाने आलेले बाइट, आणि ते जुळवून पाठवायचं काम लायब्ररीचं. पोस्टग्रेस या आमच्या डेटाबेसमध्ये हे संभाषण कसं होतं ते बघण्यासारखं आहे. लायब्ररी पहिल्या निरोपात ४ बाइटमध्ये निरोपाची लांबी सांगते आणि पुढच्या ४ बाइटमध्ये प्रोटोकॉलची आवृत्ती. ३.० ही आवृत्ती असेल तर तो आकडा असतो १९६६०८, म्हणजे ६५५३६ च्या तिप्पट. सर्व्हरचं, म्हणजे डेटाबेसच्या बाजूचं, उत्तर ‘आर’ या अक्षराने सुरू होतं आणि त्यात ओळख कशी पटवायची त्याचा क्रमांक असतो. ० म्हणजे ‘या आत’. ५ म्हणजे एमडी५ ही जुनी पद्धत. आणि १० म्हणजे ज्यातून स्क्रॅम ही नवी पद्धत चालते तो मार्ग. माझ्या लायब्ररीला ५ पाठ होता, १० तिने कधी ऐकलाच नव्हता. गंमत म्हणजे ३.० हा प्रोटोकॉल २००३ सालच्या ७.४ आवृत्तीपासून तोच आहे. भाषा तीच राहिली, दारावरचा सवाल तेवढा बदलला.

तो बदलायला कारण होतं. एमडी५ पद्धतीत सर्व्हर पासवर्ड आणि वापरकर्त्याचं नाव एकत्र करून त्याचा हॅश साठवतो, म्हणजे ज्यावरून मूळ मजकूर उलट काढता येत नाही असा ठसा. लॉगिनच्या वेळी तो ४ बाइटचं यादृच्छिक ‘मीठ’, म्हणजे हॅशमध्ये मिसळायचा आकडा, पाठवतो, आणि लायब्ररी तो हॅश व हे मीठ मिळून पुन्हा हॅश काढून उत्तर देते. नीट पाहिलं तर या सगळ्यात मूळ पासवर्ड लागतोच कुठे? साठवलेला हॅश चोरला की काम झालं! स्क्रॅममध्ये नुसत्या साठवलेल्या माहितीवर आत शिरता येत नाही, हॅशची क्रिया मुळात ४०९६ वेळा फिरत असल्याने अंदाज बांधत बसणं महाग पडतं, शिवाय सर्व्हरलाही आपण खरे असल्याचं सिद्ध करावं लागतं. पोस्टग्रेसमध्ये ही पद्धत २०१७ साली १० व्या आवृत्तीत आली आणि २०२१ साली १४ व्या आवृत्तीत नवे पासवर्ड आपोआप तशाच रीतीने साठवले जाऊ लागले.

नवे पासवर्ड, जुने नव्हे. मेख इथेच आहे. आमचा सर्व्हर १४ व्या आवृत्तीवर जाऊन कित्येक महिने झाले होते आणि काहीच बिघडलं नव्हतं, कारण जुना पासवर्ड अजून एमडी५ च्याच रूपात पडून होता. सर्व्हर त्याचं रूपांतर करू शकत नाही. मूळ पासवर्ड त्याच्याकडे नसतोच. पासवर्ड बदलला त्या क्षणी स्क्रॅम लागू झालं आणि दुभाष्या गप्प झाला. बिघाड सर्व्हर बदलल्यामुळे, दिसला मात्र काही महिन्यांनी, आणि आळ आला पासवर्डवर.

लायब्ररी अद्ययावत करायला गेलो तर आणखी एक पदर निघाला. पायथनची सायकोपीजी २ ही लायब्ररी स्वतः हे बाइट बोलत नाही. ती सी भाषेतल्या लिबपीक्यू या लायब्ररीकडून बोलून घेते. तिच्या तयार बायनरी पॅकेजमध्ये लिबपीक्यूची स्वतंत्र प्रत असते. त्यामुळे यंत्रावरची लिबपीक्यू कितीही नवी केली तरी आतली जुनी ती जुनीच.

मग थेट तिच्या पुढच्या पिढीवर, सायकोपीजी ३ वर उडी का मारू नये? मारावी, पण सवड काढून. तिथे डेटाबेसला विचारायचा प्रश्न, म्हणजे क्वेरी, आणि त्यातली मूल्यं सर्व्हरकडे वेगवेगळी जातात, पूर्वी ती लायब्ररीतच चिकटवून पाठवली जायची. म्हणून क्वेरीच्या भाषेतल्या ‘इन’ या शब्दापुढे अख्खी यादी देणारी जुनी क्वेरी तिथे चालत नाही, ‘एनी’ वापरून ती नव्याने लिहावी लागते. अशा क्वेरी आमच्याकडे ढिगाने होत्या, म्हणून त्या सकाळी मी फक्त सायकोपीजी २ ची नवी प्रत बसवली.

नंतर मी पासवर्डांचा तक्ता उघडला. काही नोंदी ‘स्क्रॅम’ने सुरू होत होत्या, बाकीच्या अजून ‘एमडी५’नेच.