ऑर्का (स्क्रीन रीडर)

ऑर्का हा लिनक्स व त्याच्या कुळातल्या मुक्तस्रोत कार्यप्रणालींवर चालणारा स्क्रीन रीडर आहे. अंध आणि अल्पदृष्टी वापरकर्त्यांना तो पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतो किंवा ब्रेल फलकावर उमटवतो. तो पायथॉन भाषेत लिहिलेला असून ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपच्या (खिडक्या, मेनू असलेल्या पडद्याच्या) प्रकल्पाचा भाग आहे. स्क्रीन रीडरांना जलचरांची नावे ठेवण्याची जुनी रीत आहे. डॉसच्या काळात फ्लिपर होता (हे मालिकेतल्या डॉल्फिनचे नाव), विंडोजवर जॉज आला (हे शार्कवरच्या चित्रपटाचे नाव). ऑर्का म्हणजे शार्कचीही शिकार करणारा समुद्री सस्तन प्राणी. नावातला खोडसाळपणा उघड आहे.

त्याची सुरुवात सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत मार्क मुलकाही यांनी केली. सप्टेंबर 2006 मध्ये आलेल्या ग्नोम 2.16 मध्ये ऑर्काने ग्नोपर्निकस या आधीच्या स्क्रीन रीडरची जागा घेतली. 2010 मध्ये ओरॅकलने सन विकत घेतल्यावर तिथले सुगम्यतेचे, म्हणजे अपंगांना सॉफ्टवेअर वापरता यावे यासाठीचे, काम आटले आणि ऑर्काची धुरा जोनमरी डिग्ज यांच्याकडे आली. पुढची बरीच वर्षे तो मुख्यतः त्यांच्याच बळावर उभा राहिला. मुक्त सॉफ्टवेअरमधल्या सुगम्यतेची हीच दुखरी बाजू आहे: वापरणारे जगभर, सांभाळणारे मोजके.

‘स्क्रीन रीडर’ हे नाव तसे फसवेच. ऑर्का पडद्याकडे पाहत नाही. तो प्रोग्रामला विचारतो. प्रत्येक प्रोग्रामने आपल्या खिडकीतल्या वस्तूंचा एक वृक्ष (फांद्यांसारखी मांडलेली यादी) एटी-एसपीआय नावाच्या व्यवस्थेमार्फत उघडा करायचा असतो. त्यात प्रत्येक वस्तूचे नाव, तिची भूमिका आणि स्थिती असते. पत्र जपून ठेवण्याच्या बटणाला नाव दिलेले असेल तर कानावर ‘जतन करा, बटण’ असे पडते. प्रोग्रामरने नुसतेच चित्र चिकटवले असेल, तर ‘बटण’. शेजारच्यावर गेलो, पुन्हा ‘बटण’. अशी सहा बटणे एका ओळीत असली की पत्र जपायचे की पुसायचे, हे नशिबावर. दोष ऑर्काचा नसतो, पण शिव्या त्यालाच बसतात.

एटी-एसपीआय आधी प्रोग्रामांमध्ये निरोप पोचवणाऱ्या कोर्बा या जड यंत्रणेवर चालत असे. ग्नोम 3 च्या सुमारास ती डी-बस या हलक्या यंत्रणेवर आणली गेली. पडदा रंगवण्याची जुनी एक्स-11 व्यवस्था जाऊन वेलँड आली तेव्हा नवी अडचण उभी राहिली. सुरक्षिततेसाठी वेलँड एका प्रोग्रामला दुसऱ्याच्या कळा ऐकू देत नाही, आणि ऑर्काचे तर सगळे काम कळांवर. त्याची खास कळ मोठ्या कीबोर्डवर इन्सर्ट असते, लॅपटॉपवर कॅप्स लॉक. 2025 च्या ग्नोम 48 मध्ये यासाठी वेगळी वाट काढण्यात आली. त्याआधी 2023 मध्ये जर्मनीच्या सॉव्हरिन टेक फंडाने ग्नोमला दहा लाख युरो देऊ केले होते. त्यातला काही भाग सुगम्यतेसाठी होता.

अंध माणसाने संगणक कसा वापरावा, या प्रश्नाला अगदी वेगळे उत्तर पुण्यात वाढलेल्या टी. व्ही. रामन यांनी दिले. चौदाव्या वर्षी दृष्टी गेलेले रामन वाडिया महाविद्यालयात गणित, मग आयआयटी मुंबई आणि कॉर्नेल विद्यापीठ असे शिकले. त्यांचा ईमॅकस्पीक 1995 मध्ये आला. पडद्यावर काय छापले आहे ते सांगण्याऐवजी तो ईमॅक्स या मजकूर-संपादकालाच (लिहिण्याच्या प्रोग्रामलाच) बोलता करतो. दिनदर्शिका उघडली की आकड्यांचे चौकोन न वाचता वार आणि तारीख थेट सांगतो. कल्पना ऑर्काहून सरस वाटते, पण त्यासाठी सारे आयुष्य ईमॅक्समध्ये काढायची तयारी हवी.

ऑर्का स्वतः बोलत नाही. मजकूर स्पीच डिस्पॅचर या मध्यस्थ प्रोग्रामकडे देतो आणि तो बहुधा ईस्पीक-एनजी या मजकुराचा आवाज करणाऱ्या प्रोग्रामकडे. यात मराठी आवाज आहे. तो यांत्रिक आहे, नव्या माणसाला पहिल्या दिवशी कानठळ्या बसतात. मात्र वेग वाढवला तरी शब्द ओळखू येतात, म्हणून सरावलेले लोक त्यालाच धरून असतात. ब्रेलसाठी लिबलुई या मजकुराचे ब्रेल करणाऱ्या संचात मराठीचा तक्ता आहे. भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेलमध्ये ऱ्हस्व वेलांटी उच्चारानुसार व्यंजनानंतर येते, तर जोडाक्षराचे हलन्तचिन्ह व्यंजनाआधी. म्हणजे डोळ्यांनी वाचणाऱ्याला ‘कि’ आणि ‘क्त’ दोन्ही उलटे वाटतील.

ग्नोममध्ये सुपर (विंडोज चिन्हाची कळ), ऑल्ट आणि एस या कळा एकत्र दाबल्या की ऑर्का सुरू होतो. डेबियन ही लिनक्सची आवृत्ती बसवताना तर त्याआधीच सोय आहे: सुरुवातीची यादी आली की बीप वाजतो, मग एस आणि एंटर दाबायचे, पुढची स्थापना बोलत बोलत होते.