तंबूतली हायड्रोपोनिक्स

घराच्या आत झिपवाल्या कापडी तंबूत, एलईडी दिव्याखाली, मातीऐवजी खनिजं विरघळवलेल्या पाण्यावर रोपं वाढवायची पद्धत. तंबूला सगळे ग्रो टेंटच म्हणतात. ठाणे-नवी मुंबईत हा मुख्यतः हौशी लोकांचा उद्योग आहे. घोडबंदर रोड, खारघर, उलवे इकडच्या टॉवरमध्ये बाल्कनी एकतर पश्चिमेला भाजून निघते नाहीतर समोरच्या विंगच्या सावलीत असते, किंवा आधीच हॉलमध्ये घेतलेली असते, मग लेट्युस, बेसिल, चेरी टोमॅटो असलं काही लावायचं म्हटलं की बेडरूमच्या कोपऱ्यात २ बाय २ फुटांचा तंबू एवढीच जागा उरते. परदेशात तंबूचं नाव झालं ते मात्र भाजीमुळे नाही तर गांजामुळे, त्यातही ऑटोफ्लॉवर, म्हणजे दिवस-रात्रीच्या लांबीकडे न बघता ठराविक वयाला फुलणाऱ्या जातींमुळे. भारतात ती लागवड गुन्हा आहे, त्याबद्दल शेवटी.

उगम : याच्यावर बरीच ओढाताण आहे. लोकप्रिय लिखाणात सुरुवात हमखास बॅबिलोनच्या झुलत्या बागांपासून करतात, त्याला आधार फारसा नाही. ग्रीक-रोमन लेखकांच्या वर्णनात गच्च्या आहेत, पाणी वर चढवायची सोय आहे, पण मातीसुद्धा आहेच, आणि मुळात ती बाग बॅबिलोनला होती की निनेवेला इथूनच अभ्यासकांचं जमत नाही (निनेवे म्हणजे शेजारच्या अ‍ॅसिरियाची राजधानी, तिचा पक्ष अभ्यासक स्टेफनी डॅली यांनी लावून धरला). मेक्सिकोतल्या चिनाम्पांचंही तसंच, ती तलावातला गाळ उपसून केलेली वाफ्यांची शेती, म्हणजे चिखल आलाच. हे दोन्ही दाखले बाजूला ठेवलेले बरे.

लेखी प्रयोग म्हणून इंग्लंडच्या जॉन वुडवर्डचं नाव येतं. त्याने पुदिन्याच्या जातीची रोपं पावसाच्या पाण्यात, थेम्सच्या पाण्यात आणि हाइड पार्कच्या नळाच्या पाण्यात वाढवली आणि १६९९ मध्ये निष्कर्ष छापले. पाणी जितकं गढूळ तितकं रोप जोमदार, म्हणून झाड पोसतं ते पाण्यावर नाही, पाण्यातल्या मातीच्या अंशावर असं त्याचं म्हणणं. म्हणजे बिनमातीच्या शेतीचा पहिला पुरावा म्हणून जो दाखवतात त्याचा निकाल मातीच्या बाजूने लागलेला! खरी पायाभरणी १८६० च्या आसपास जर्मनीत झाली, यूलियस झाक्स आणि विल्हेल्म क्नॉप यांनी ठराविक क्षारांच्या द्रावणात रोपं वाढवून दाखवली तेव्हा. पण तोवर हे प्रयोगशाळेतलं साधन होतं, पीक म्हणून कोणी बघत नव्हतं.

पीक म्हणून बघितलं ते कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठातल्या विल्यम गेरिके यांनी. १९२९ मध्ये त्यांचा लेख आला, टाक्यांवर वाढवलेल्या टोमॅटोच्या २५ फुटी वेलींचे फोटो पेपरात झळकले आणि १९३७ मध्ये हायड्रोपोनिक्स हे नाव छापून आलं, जे त्यांना सहकारी सेचेल यांनी सुचवलं होतं असं सांगतात. पुढे विद्यापीठाने द्रावणाचा तपशील मागितला, गेरिके म्हणाले हे काम मी माझ्या फावल्या वेळात केलंय, आणि त्यावरून बिनसून ते बाहेर पडले. मग त्याच विद्यापीठातल्या होगलंड आणि आर्नन यांनी १९३८ मध्ये एक पुस्तिका काढली आणि शांतपणे हवा काढून घेतली: चांगल्या जमिनीत, तेवढीच निगा राखून जे पीक येतं त्यापेक्षा पाण्यातलं पीक काही फार जास्त येत नाही. गेरिकेंची बाजू घेणारे यात विद्यापीठाचा राग बघतात. तसा तो असेलही, पण आज घरगुती टाकीत जे ओततात ते बहुतेक होगलंडच्या द्रावणाचंच पातळ रूप असतं, गेरिकेंचं नाही, तेव्हा कल कुठे द्यायचा ते उघड आहे. होगलंडच्या पूर्ण द्रावणात लिटरमागे नायट्रोजन साधारण २१० मिलिग्रॅम, पोटॅशियम २३५, कॅल्शियम २००. लेट्युसला याच्या निम्मं पुरतं.

भारतात शोल्टो डग्लस यांनी १९४६ च्या सुमारास दार्जिलिंगजवळ कालिम्पाँगला काम सुरू केलं. रेती-खडीचे वाफे, वरून खताचं कोरडं मिश्रण आणि पाणी, पंप वगैरे काही नाही. ही बंगाल पद्धत म्हणून ओळखली जाते आणि १९५१ मध्ये तिच्यावर पुस्तकही आलं. उथळ नळीतून पाण्याचा पातळ थर फिरवायची एनएफटी पद्धत इंग्लंडमधल्या अ‍ॅलन कूपर यांची, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनची. तयार तंबू बहुधा २००० नंतरच्या दशकात बाजारात आले.

रचना : लोखंडी नळ्यांचा सांगाडा, त्यावर जाड कापड, आतून मायलार या चकचकीत प्लॅस्टिकचा थर, वर एक्झॉस्ट फॅन, खाली हवा आत यायला जाळीच्या खिडक्या. दिवा पांढरा एलईडी घ्यावा. जांभळा उजेड पडद्यातून बाहेर दिसला की सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा सुरू होते, आणि पांढऱ्या उजेडात पानाचा रोग तरी ओळखता येतो. लेट्युसला दर चौरस मीटरला सेकंदाला २०० मायक्रोमोलच्या (मोल म्हणजे इथे उजेडाचे कण मोजायचं माप) आसपास उजेड १६ तास दिला तर दिवसाचा हिशोब साडेअकरा मोलच्या जवळ जातो, तेवढ्यावर गड्डा नीट भरतो. १०० वॅटचा दिवा १६ तास म्हणजे दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८, आणि फॅन-पंप धरून घराचं बिल १०० युनिटच्या स्लॅबमधून वर सरकलं की तंबूतली लेट्युसची जुडी वाशी मार्केटमधल्या जुडीपेक्षा महाग पडते, हे आधीच माहीत असलेलं बरं.

टाकीचे प्रकार बरेच आहेत, इथे दोनच महत्त्वाचे. एक डीप वॉटर कल्चर, म्हणजे झाकणाच्या बादलीत द्रावण, झाकणाला भोकं, भोकात जाळीचे नेट पॉट, त्यात कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भाजलेल्या मातीच्या गोळ्या आणि खाली मत्स्यालयाचा एअर पंप. दुसरा अमेरिकेच्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातल्या बर्नार्ड क्रॅटकी यांचा, त्यात पंपच नाही. रोप पाणी पितं तशी पातळी उतरते, वरची मुळं दमट हवेत उघडी पडतात आणि हवेतला ऑक्सिजन घेतात, खालची पाणी घेत राहतात. पालेभाजीसाठी हा दुसरा प्रकार सरस वाटतो, कारण लाइट गेली तर बंद पडायला त्यात काहीच नाही. द्रावणाचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५.५ ते ६.५ मध्ये ठेवतात. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बाटलीत ठेवायचं, सल्फेट-फॉस्फेटबरोबर ते घट्ट द्रावणात एकत्र आलं की तळाला पांढरा साका बसतो आणि तो काही परत विरघळत नाही.

ठाणे-नवी मुंबईतली परिस्थिती : पाण्याच्या बाबतीत हा भाग नशीबवान आहे. नवी मुंबईला मोरबे धरणाचं, ठाण्याला भातसा धरणाचं आणि स्टेम या शहाड-टेमघर पाणी योजनेचं पाणी येतं, सह्याद्रीच्या काळ्या खडकावरून आलेलं पावसाचंच पाणी, क्षार कमी, त्यामुळे आरओ लागत नाही. नळाचं पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन बरंचसं उडून जातं. उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी आलं की मात्र हिशोब बदलतो, खाडीजवळ तर ते खारंही असू शकतं, आधी पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस मीटर बुडवून बघायचा.

खरी अडचण क्षारांची नाही, पाण्याच्या तापमानाची आहे. २० अंशाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला साडेसात, आणि तेव्हाच मुळांची ऑक्सिजनची भूक वाढलेली असते. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून उतरलेलं पाणी मुळातच गरम, वर तंबूत दिव्याची भर, कारण १०० वॅटचा दिवा शेवटी १०० वॅट उष्णताच खोलीत सोडतो, मग पिथियम नावाची मूळकूज येते. झाकण उचललं की कळतं: निरोगी मुळं पांढरी, वास नाही, कुजलेली तपकिरी, बुळबुळीत, आणि चिमटीत धरून ओढली तर वरचं साल मोज्यासारखं निघून येतं, हातात आतला दोरा तेवढा राहतो. दिवा रात्री लावणं, बादलीला थर्माकोल गुंडाळणं, फ्रीजरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टाकीत सोडणं हे उपाय लोक करतात, आणि मोठी टाकी घेणं हा त्यातला सगळ्यात स्वस्त, पाणी जास्त असलं की सावकाश तापतं.

जुलै-ऑगस्टला त्रास उलटा. २८ अंश तापमान आणि ८५ टक्के दमटपणा असेल तर हवेची पाणी ओढून घ्यायची ताकद, जिला व्हीपीडी म्हणतात, ती ०.६ किलोपास्कलच्याही खाली जाते. ६० टक्के दमटपणाला हीच दीडच्या आसपास असते. पानातून बाष्प निघत नाही म्हणजे मुळातून पाणी वर चढत नाही आणि त्याच्याबरोबर जाणारं कॅल्शियमही नाही, मग टाकीत कॅल्शियम भरपूर असताना लेट्युसच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा करपतात. अशा वेळी लोक खत वाढवतात, त्याने आणखी बिघडतं. एक्झॉस्ट जोरात लावूनही उपयोग नाही, तो खोलीतलीच दमट हवा आत ओढणार. छोटा पंखा गड्ड्याच्या मध्यावर धरायचा, नाहीतर खोलीचा एसी.

फुलोरा आणि ऑटोफ्लॉवर : काही झाडं रात्रीच्या लांबीवरून फुलायचं ठरवतात, हे गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं. ठाण्याच्या अक्षांशाला सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा आणि सगळ्यात लहान ११ तासांचा, फरक जेमतेम सव्वादोन तासांचा, पण शेवंतीला, अंबाडीला आणि जुन्या वाल-पावट्याला तेवढा पुरतो. शेवंतीची फुलं लांबवायला रात्री शेतात बल्ब लावतात ते यासाठीच. टोमॅटो, मिरची, काकडी याकडे फारसं बघत नाहीत, वय झालं की फुलतात, म्हणून तंबूला सोयीची.

फुलायच्या बाबतीत गांजाचं झाड शेवंतीसारखंच, रात्र मोठी झाली की फुलणारं. ऑटोफ्लॉवर म्हणजे त्यातल्या वयावर फुलणाऱ्या जाती, आणि हा गुण रुडरॅलिस या बुटक्या रानटी प्रकारातून आला असं मानतात. रुडरॅलिसचं वर्णन रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ यानिशेव्स्की यांनी १९२४ मध्ये केलं. ती स्वतंत्र जाती की पिकातून निसटून रानटी झालेलं झाड, यावर एकमत नाही. लामार्क यांनी १७८५ मध्ये इंडिका ही स्वतंत्र जाती म्हणून वेगळी काढली, स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट यांनी १९७६ मध्ये सगळं एकाच सॅटायव्हा जातीत घातलं, हिलिग यांच्या २००५ च्या कामाने पुन्हा वेगळेपणाकडे बोट दाखवलं. झाडांचा आपसात सहज होणारा संकर बघता एकाच जातीचं मत जास्त पटतं. ऑटोफ्लॉवर वाणांचा व्यापारी प्रसार २००० नंतरचा, लोरायडर नावाच्या वाणापासून.

कायद्यात मात्र या भेदाला काही अर्थ नाही. अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायदा, १९८५ च्या कलम ८ प्रमाणे गांजाच्या झाडाची लागवडच निषिद्ध आहे, मग ते ऑटोफ्लॉवर असो नाहीतर दुसरं काही, शेतात असो नाहीतर बेडरूममधल्या तंबूत. कलम २० मध्ये १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. कलम १४ खाली सरकार धागा, बी किंवा बागायतीसाठी परवानगी देऊ शकतं, उत्तराखंडने त्यानुसार औद्योगिक हेम्पला (धाग्या-बियांसाठी लावलेल्या, नशा कमी असलेल्या याच झाडाला) परवाने दिले आहेत. तंबू, दिवा आणि टाकी विकत घेण्यावर बंदी नाही.